मेंदूतील ओझेवाहू प्रथिन

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या हसत-हसत उच्चारली गेली आहे. म्हातारपण आले की विसर पडावयाचाच, त्याला इलाज नाही आणि त्याचे कारणही शोधावयास नको, असा या म्हणीमागील समज. सातपुड्याच्या रांगांतील देडतलाईसारख्या सीमेवरच्या गावी काय, किंवा मुंबईच्या दाट वस्तीत काय, एखादा वृद्ध आपल्याच घराची वाट चुकू लागला, पोटच्या मुलास 'तू कोण?' म्हणून विचारू लागला, किंवा नुकताच जेवून उठूनही 'मला कोणी वाढले नाही' अशी तक्रार करू लागला, की त्याला म्हातारचळ लागला असे म्हणून घरची माणसे कधी हसतात, कधी चिडतात. या चिडण्यामागे एक जुना संस्कारही असतो. स्मृतिभ्रंश हा शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो तो क्रोध आणि संमोह यांच्या मागोमाग. तेथे तो असंयमाचा परिणाम आहे. वैद्यकाने आज तोच शब्द एका रोगसमूहास दिला आहे. शब्द एक असला तरी अर्थ मात्र एक नाही. या समूहातील सर्वांत मोठा वाटा असलेला अल्झायमरचा रोग माणसाच्या स्वभावातून उगवत नाही. मेंदूत साचणारा एक चिवट पदार्थ आणि मेद वाहून नेणारे एक साधे प्रथिन यांच्या व्यवहाराशी त्याचा निकटचा संबंध आहे. हा संबंध ध्यानात यावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

या कथेचा आरंभ एका चुकीच्या नावाने होतो. १८५४ साली रुडोल्फ फिर्खो या जर्मन वैद्यास मेंदूतील काही कणांवर आयोडीन टाकले असता निळसर रंग दिसला. तांदळाच्या पिठावर आयोडीन टाकले तरी असाच रंग येतो. तेव्हा हा पदार्थ पिष्टासारखाच असावा असे समजून, पिष्टाच्या लॅटिन नावावरून त्याने त्यास 'ॲमिलॉइड' म्हटले. पुढे अवघ्या पाच वर्षांनी, १८५९ साली, फ्रीडरिख व केकुले यांनी ॲमिलॉइडचे रासायनिक पृथक्करण करून दाखवून दिले की यात पिष्ट नाही. नत्रयुक्त असा हा पदार्थ प्रथिनाच्या जातीचा आहे. चूक उघड झाली, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्ट येथील मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिला दाखविलेल्या वस्तूंची नावे ती क्षणभराने विसरे. स्वतःचे नाव लिहिता लिहिता मध्येच थांबे. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे तिचे उद्गार तेथील वैद्य अलॉइस अल्झायमर याने टिपून ठेवले. ही रोगपत्रिका पुढे दृष्टीआड झाली आणि १९९५ साली फ्रँकफर्ट येथेच पुन्हा हाती लागली. अल्झायमर पुढे म्यूनिकला गेला, पण या रोगिणीचा विसर त्याला पडला नाही. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली तेव्हा तिचा मेंदू त्याने म्यूनिकला मागवून घेतला, त्याचे पातळ काप केले, आणि बील्शोव्स्कीने नुकत्याच शोधून काढलेल्या चांदीच्या क्षारांच्या पद्धतीने ते रंगविले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील सभेत त्याने आपली निरीक्षणे वाचून दाखविली. सभेत त्यावर चर्चाही झाली नाही. १९०७ साली ती छापली गेली, आणि १९१० साली क्रेपेलिन या त्याच्या वरिष्ठाने आपल्या ग्रंथात या रोगास अल्झायमरचे नाव दिले.

त्या लहानशा टिपणातील दोन गोष्टी जगाने उचलून धरल्या. चेतापेशींच्या आत सुतासारखे गुंतलेले धागे, ही एक. पेशींच्या बाहेर साचलेल्या बारीक बारीक गाठी, ही दुसरी. परंतु अल्झायमरने आणखी एक गोष्ट नोंदविली होती. चेतापेशींना आधार देणाऱ्या ज्या ग्लिया नावाच्या पेशी असतात, त्यांपैकी कित्येकींत मेदाची मोठाली पोती भरलेली त्याला दिसली होती. या तिसऱ्या गोष्टीकडे जवळजवळ कोणीच वळून पाहिले नाही. याचे एक कारण प्रयोगशाळेच्या रोजच्या कामातच होते. मेंदूचे काप करण्यासाठी तो मेणात बसवितात, आणि तत्पूर्वी त्यातील पाणी काढून टाकण्यासाठी मद्यार्क व तत्सम द्रावके वापरतात. ही द्रावके पाण्याबरोबर मेदही धुऊन नेतात. चांदीने रंगलेले धागे व गाठी काचेवर ठसठशीत दिसत राहिले. मेद मात्र तपासणीपूर्वीच वाहून गेलेला असे. जे काचेवर दिसेना, ते विचारातूनही गेले.

गाठींतील पदार्थ कोणता, हा प्रश्न १९८४ साली सुटला. अमेरिकेतील जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांतून ॲमिलॉइड वेगळे काढून त्याच्या घटकांचा क्रम वाचला. पुढच्याच वर्षी मास्टर्स व बायरॉयटर यांच्या गटाने गाठींतही तेच द्रव्य असल्याचे दाखविले. हे 'बीटा ॲमिलॉइड' म्हणजे सुमारे चाळीस ॲमिनो आम्लांची एक लहानशी साखळी. ती एका मोठ्या प्रथिनातून कापली जाते, आणि त्या मोठ्या प्रथिनाचे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर आहे, हे १९८७ साली कळले. नियतीचा खेळ असा की, आयुष्यभर ॲमिलॉइडचा अभ्यास करणारे ग्लेनर १९९५ साली वारले ते शरीरात ॲमिलॉइड साचण्याच्याच एका विकाराने. त्यांच्या बाबतीत ते मेंदूत नव्हे, हृदयात साचले होते.

ही लहान साखळी निरोगी मेंदूतही रोज तयार होते व रोज काढून टाकली जाते. अनर्थ घडतो तो तिच्या साचण्याने. साचण्याची रीत समजावयास हलवायाच्या कढईकडे पाहावे. खडीसाखर करताना दाट पाकात दोरा सोडून ठेवतात. बराच वेळ काही घडत नाही. मग दोऱ्यावर पहिला खडा धरतो, आणि एकदा तो धरला की त्यावर थरावर थर चढत जातात. ॲमिलॉइडचेही तसेच. सुटे रेणू वर्षानुवर्षे विरघळलेल्या स्थितीत राहतात. मग त्यांतील काही एकत्र येऊन लहान पुंजके बनतात. पुंजक्यांपासून तंतू वाढतात, आणि तंतूंच्या गाठी होतात. आज बहुतेक संशोधक या मधल्या लहान पुंजक्यांनाच चेतापेशींचे मोठे शत्रू मानतात. म्हणजे पहिला खडा कोठे व केव्हा धरतो, आणि तो धरण्यापूर्वी पाक उपसला जातो की नाही, हाच खरा प्रश्न ठरतो.

येथे मेदवाहक प्रथिन रंगभूमीवर येते. तेल पाण्यात मिसळत नाही, हे प्रत्येक गृहिणी जाणते. रक्तही बव्हंशी पाणीच. तेव्हा त्यातून मेद न्यावयाचा तर त्याला एक वाहक लागतो. एका अंगाने मेदाशी आणि दुसऱ्या अंगाने पाण्याशी सलोखा ठेवणारी काही प्रथिने हे काम करतात. त्यांपैकी एकाची ओळख १९७३ साली व्हर्जी शोअर व बर्नार्ड शोअर यांच्या कामातून झाली, आणि पुढे त्यास 'ॲपोलिपोप्रोटीन ई' हे नाव मिळाले. हे २९९ ॲमिनो आम्लांचे प्रथिन रक्तासाठी मुख्यतः यकृतात तयार होते. परंतु रक्त व मेंदू यांच्यामधील पहारा ओलांडून ते आत जाऊ शकत नाही. म्हणून मेंदू ते स्वतःपुरते वेगळे बनवितो. मेंदूला त्याची गरजही मोठी. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेल्या या अवयवात शरीरातील कोलेस्टेरॉलचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग असतो. ताऱ्याच्या आकाराच्या ग्लिया पेशी हे प्रथिन तयार करतात, त्यावर कोलेस्टेरॉल व इतर मेद लादतात, आणि ते ओझे चेतापेशींच्या दारी पोचविले जाते. बऱ्हाणपूर-जळगावच्या केळीच्या बागेतून घड डोक्यावर घेऊन बांधावर आणणाऱ्या मजुराचे जे काम, तेच मेंदूत या प्रथिनाचे. बाग कितीही फळली तरी वाहणारा नसेल, तर माल जागीच कुजावयाचा.

हा ओझेवाहू सर्व माणसांत अगदी एकसारखा नसतो. त्याचे तीन प्रमुख प्रकार आहेत, ई-२, ई-३ व ई-४, आणि त्यांच्यातील भेद २९९ पैकी केवळ दोन जागांचा. ११२ व १५८ या क्रमांकांच्या जागी ई-२ मध्ये दोन्हीकडे सिस्टीन असते; ई-४ मध्ये दोन्हीकडे आर्जिनीन असते; आणि बहुसंख्य माणसांत आढळणाऱ्या ई-३ मध्ये पहिल्या जागी सिस्टीन व दुसऱ्या जागी आर्जिनीन. प्रत्येकास या जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून मिळते. इतक्या किरकोळ फरकाने माणसाच्या म्हातारपणाचे स्वरूप पालटत असेल, अशी शंका १९९० पूर्वी कोणास आली असेल असे वाटत नाही.

ती शंका तीन वाटांनी आली. १९९१ साली नांबा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांना अल्झायमरच्या गाठींत व धाग्यांत हे मेदवाहक प्रथिन सापडले. १९९२ साली न्यूयॉर्कच्या विस्निएव्स्की व फ्रांजिओने यांनी असे सुचविले की, हे प्रथिन ॲमिलॉइडला वाकड्या वाटेने घडविणारा एक कुसंगी सोबती असावे. तिकडे ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस यांच्या प्रयोगशाळेतील वॉरन स्ट्रिटमॅटर मेंदू-जलातील कोणती प्रथिने ॲमिलॉइडला चिकटतात हे पाहत होते. चिकटणाऱ्यांत ॲपोलिपोप्रोटीन ई निघाले. रोझेस यांचा गट उतारवयातील अल्झायमरचे मूळ एकोणिसाव्या गुणसूत्रावर शोधत होता, आणि या प्रथिनाचे जनुक नेमके त्याच गुणसूत्रावर होते. दोन वाटा एका चौकात येऊन मिळाल्या. १९९३ साली त्यांनी हा रोग असलेल्या ४२ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुटुंबांत ई-४ ची एकही प्रत नसलेल्यांत रोगाचा धोका सुमारे २० टक्के होता, तर दोन प्रती असलेल्यांत तो ९० टक्क्यांवर गेला. रोग सुरू होण्याचे सरासरी वय ८४ वरून ६८ वर आले. हे आकडे रोगाने आधीच ग्रासलेल्या कुटुंबांचे आहेत, सर्वसामान्य जनतेचे नव्हेत, हे ध्यानात ठेवावयास हवे. तथापि संबंध खरा होता. पुढे जगभर तो पुनःपुन्हा दिसून आला. अल्झायमरने पाहिलेला मेद, निदान त्याच्या वाहकाच्या रूपाने, ८६ वर्षांनी शास्त्राच्या दारी परत आला.

मग हा वाहक नेमके करतो काय? १९९७ साली अमेरिकेत बेल्स व सहकाऱ्यांनी ॲमिलॉइड साचणाऱ्या उंदरांच्या जातीतून या प्रथिनाचे जनुकच काढून टाकले. तेव्हा साचणे आश्चर्यकारक रीतीने घटले. यावरून तो गुन्हेगार ठरावा. परंतु दुसरे प्रयोग सांगतात की, मेदाने नीट भरलेला वाहक ॲमिलॉइड मेंदूतून काढून टाकण्याच्या कामी मदतही करतो. येथे मेदाचे ओझेच निर्णायक ठरते. ओझे पुरेसे नसलेले हे प्रथिन सैल पडते, स्वतःच एकमेकांस चिकटते आणि गाठींत जाऊन बसते. आणि ई-४ या प्रकारात मेद नीट न लादला जाण्याचा दोष अधिक आढळतो. २०१३ साली सेंट लुईस येथील संशोधकांनी आणखी एक बारकावा दाखविला. स्वाभाविक स्थितीत सुटे ॲमिलॉइड व हा वाहक एकमेकांस फारसे धरीतच नाहीत. पण ग्लिया पेशींवर ज्या दारातून दोघांनाही आत शिरावयाचे असते ते दार एकच असल्यामुळे त्यांच्यात चढाओढ होते. वाहक दारात उभा राहिला की कचरा बाहेर तिष्ठत राहतो.

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्राच्या भूमीवरही विणला गेला. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मुंबईच्या कुलाब्यात, सुदीप्त मैती यांच्या प्रयोगशाळेने प्रकाशाच्या साहाय्याने एकेक रेणू हेरण्याच्या पद्धती बसविल्या, आणि बीटा ॲमिलॉइड पाण्यात कितपत विरघळते, पुंजके केव्हा बनतात व केव्हा मोडतात, यांचा मागोवा घेतला. तेथेच शिकलेले कांचन गराई पुढे सेंट लुईसला कार्ल फ्रीडेन यांच्याकडे गेले व मेदवाहक प्रथिनाकडे वळले. २०१४ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखविले की हे प्रथिन ॲमिलॉइडच्या पुंजक्यांना व तंतूंना धरते आणि त्यामुळे साचण्याचा वेगच बदलतो. भारतात परतल्यावर याच संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून २०१९ साली त्यांच्या गटाने सांगितले की, पुंजक्यांशी असलेली ही पकड अनेक ठिकाणांहून एकाच वेळी बसते, म्हणून ती विलक्षण घट्ट असते. खडीसाखरेच्या उपमेने बोलावयाचे तर हा ओझेवाहू पाकाला हात लावीत नाही. तो धरतो तो नुकता धरलेला खडा. रोगाच्या सर्वांत नाजूक क्षणी तो हजर असतो, आणि म्हणूनच त्याच्या गुणदोषांना इतके महत्त्व.

तो एकटाही नाही. क्लस्टरिन, अर्थात ॲपोलिपोप्रोटीन जे, हे दुसरे मेदवाहक प्रथिन मेंदू-जलात ॲमिलॉइडसोबत आढळते, हे १९९३ साली ठाऊक झाले होते. २००९ साली युरोपातील दोन मोठ्या गटांनी हजारो रुग्णांची जनुके तपासली, तेव्हा अल्झायमरशी निगडित ठरलेल्या जनुकांत क्लस्टरिनचेही नाव निघाले.

आता प्रश्न येतो आपल्या लोकांचा. हरियाणातील बल्लभगड भागातील २८ खेड्यांत विजय चंद्र व मेरी गांगुली यांच्या गटाने वृद्धांची वर्षानुवर्षे पाहणी केली. ५५ वर्षांवरील ५,१२६ जणांत ७३ टक्क्यांहून अधिक निरक्षर होते. त्यांच्यासाठी अक्षरज्ञानावाचून घेता येतील अशा चाचण्या मुद्दाम तयार कराव्या लागल्या. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार ६५ वर्षांवरील दर हजारी दरवर्षी अल्झायमरचे नवे रुग्ण ४.७ निघाले, तर तुलनेसाठी घेतलेल्या अमेरिकेतील मोनाँगाहेला खोऱ्यात १७.५. या दोन्ही ठिकाणी ई-४ चे प्रमाणही २००० साली तपासले गेले होते. बल्लभगडात ते शंभरात ७, अमेरिकेत ११. परंतु ज्यांच्याकडे ई-४ होते त्यांच्यात त्याचा रोगाशी संबंध दोन्ही देशांत सारख्याच बळाचा निघाला. याचा अर्थ असा की, प्रथिनाचा स्वभाव हरियाणात व अमेरिकेत वेगळा नाही. मुंबईत व्हास, पिंटो व सहकाऱ्यांनी ४० वर्षांवरील २४,४८८ नागरिकांची पाहणी करून २००१ सालीच सांगितले की, ६५ वर्षांवरील शंभरात २.४४ जणांस स्मृतिभ्रंश व १.५ जणांस अल्झायमर आहे. पुढे आयुर्मान वाढले आणि तपासण्याही अधिक बारीक झाल्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात ६० वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज निघाला, आणि हे प्रमाण शहरांहून खेड्यांत अधिक आढळले. हा श्रीमंत शहरांचा रोग आहे, खेड्यातल्या कष्टाळू माणसाला तो शिवत नाही, ही समजूत म्हणूनच सोडून द्यावी लागते.

ई-४ असणे म्हणजे ललाटरेखा नव्हे. त्याच्या दोन प्रती असूनही अखेरपर्यंत शाबूत राहिलेली माणसे आहेत, आणि एकही प्रत नसताना रोग जडलेली तर पुष्कळच आहेत. २०१९ साली कोलंबियातील एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. तिच्या कुळात एका वेगळ्या जनुकदोषामुळे चाळिशीतच अल्झायमर सुरू होत असे. तिचा मेंदू ॲमिलॉइडने भरला होता. तरीही सत्तरीपर्यंत तिची बुद्धी टिकली. तिच्या दोन्ही प्रतींत मेदवाहक प्रथिनाचा एक अत्यंत दुर्मीळ प्रकार होता. ज्या प्रथिनाने अनेकांचा घात केला, त्याच्याच वेगळ्या रूपाने हिला बराच काळ तारले असावे, असे संशोधकांचे मत पडले.

अमेरिकेत २०२३ व २०२४ साली ॲमिलॉइड उपसणाऱ्या दोन प्रतिपिंड-औषधांना पूर्ण मान्यता मिळाली. ती रोगाची गती थोडी मंदावतात, गेलेली स्मृती परत देत नाहीत. आणि मेंदूस सूज येण्याचा व रक्तस्रावाचा त्यांचा धोका ई-४ च्या दोन प्रती असलेल्यांनाच सर्वाधिक असतो. २०२४ साली स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी ई-४ च्या दोन प्रती असलेल्या रुग्णांच्या मेंदूत, ग्लिया वर्गातीलच मायक्रोग्लिया पेशींत, मेदाचे थेंब भरलेले विशेष प्रमाणात दाखविले. १९०७ च्या टिपणातील मेदाच्या पोत्यांची आठवण शास्त्रज्ञांस पुन्हा झाली. त्याच वर्षी लॅन्सेट आयोगाने टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. अपुरे शिक्षण, बहिरेपण, अधू दृष्टी, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा यांबरोबर मध्यम वयातील वाढलेले कोलेस्टेरॉलही त्यात आले. ही सारी दूर झाली तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल, असा आयोगाचा हिशेब आहे. आईबापांकडून आलेले जनुक बदलता येत नाही. पण आजीचा मोतीबिंदू वेळेवर काढणे, आजोबांना कानाचे यंत्र आणून देणे, आणि मुलीची शाळा मध्येच न सोडविणे, एवढे कोणत्याही गावास करता येण्याजोगे आहे.

अल्झायमरने मेद पाहिला, लिहून ठेवला, आणि तरी तो विसरला गेला. कारण पाहण्याच्या रूढ रीतीतच तो धुतला जात होता. घरातील वृद्धाच्या बाबतीतही असेच घडते. त्याचा हट्ट दिसतो, त्याची तीच ती विचारणा ऐकू येते. त्यामागचा आजार मात्र 'वयच झाले' या दोन शब्दांत धुऊन जातो. वारंवार विसरणारा माणूस मुद्दाम विसरत नसतो. त्याच्या मेंदूत कोठे तरी ओझे पोचलेले नसते व कचरा उचलला गेलेला नसतो. हे ज्या घरास उमगेल, त्या घरात त्याला शंभराव्या वेळी विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर पहिल्या वेळेसारखेच मिळेल, आणि तपासणीसाठी त्याला वैद्याकडे नेण्यास उशीर होणार नाही.